आतून जाणारी वाट : नरेंद्र करमरकर आणि रेषीय नियोजनाची गणनरीत

खडकवासल्याच्या जलाशयातून निघालेले पाणी पुणे शहराच्या घराघरांत थेट पोचत नाही. पर्वती, वारजे अशा ठिकाणी उभारलेल्या जलकेंद्रांत ते शुद्ध केले जाते व तेथून निरनिराळ्या पेठांकडे आणि उपनगरांकडे वळविले जाते. कोणत्या केंद्राने कोणत्या भागास किती पाणी पुरवावे, हा प्रश्न वरवर पाहता पाणीपुरवठा खात्याच्या अखत्यारीतील वाटतो. परंतु त्याचा गाभा गणिताचा आहे. प्रत्यक्षातील आकडे बाजूस ठेवून केवळ विवेचनाकरिता असे समजावे की, वारज्याच्या केंद्रात ६ माप पाणी आहे आणि पर्वतीच्या केंद्रात ९ माप; कोथरूडची गरज ७ मापांची आहे व पेठांची ८ मापांची. वारज्याहून एक माप पाणी कोथरूडला नेण्यास १ रुपया व पेठांत नेण्यास ३ रुपये पडतात. पर्वतीहून तेच अनुक्रमे २ रुपये व १ रुपया. एकूण खर्च कमीत कमी व्हावा, तर वाटणी कशी करावी?

वारज्याहून कोथरूडला क्ष मापे दिली, तर उरलेल्या तिन्ही राशी आपोआप ठरतात. वारज्याहून पेठांना ६ − क्ष, पर्वतीहून कोथरूडला ७ − क्ष आणि पर्वतीहून पेठांना २ + क्ष. यांतील कोणतीही राशी ऋण असून चालणार नाही. म्हणून क्ष हा ० आणि ६ यांच्या दरम्यान असला पाहिजे. खर्चाची बेरीज केली असता ती ३४ − ३क्ष इतकी येते. अर्थात क्ष = ६ येथे खर्च सर्वांत कमी, म्हणजे १६ रुपये होतो. वारज्याचे सारे पाणी कोथरूडला द्यावे, हा निर्णय कोणत्याही मुकादमास गणितावाचूनही सुचला असता. परंतु केंद्रे दोन न राहता वीस झाली, विभाग दोनशे झाले, आणि प्रत्येक नळाची वहनक्षमता, प्रत्येक टाकीची उंची व प्रत्येक पंपाची वेळ या अटी त्यांत मिळाल्या, की मुकादमाची समज अपुरी पडते. अनेक चल, त्यांवरील एकघाती अटी, आणि न्यूनतम करावयाची एक एकघाती राशी, एवढेच ज्याचे स्वरूप आहे, अशा प्रश्नास लिनिअर प्रोग्रॅमिंग अथवा रेषीय नियोजन म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगातील संगणकांचा फार मोठा वेळ याच एका प्रकारच्या प्रश्नाने घेतला. त्या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टीच ज्यांच्या कार्याने पालटली, त्या डॉ. नरेंद्र करमरकर यांच्या गणिती वाटचालीचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

या प्रश्नाचा पूर्वेतिहास थोडक्यात ध्यानी घेणे अवश्य आहे. सोव्हिएत गणिती कांतोरोविच यांनी १९३९ मध्ये उत्पादनाच्या नियोजनातून असे प्रश्न मांडले होते. तथापि त्यांचे कार्य पश्चिमेस दीर्घकाळ अज्ञात राहिले. अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये सिंप्लेक्स नावाची रीत दिली. तिची पहिली मोठी कसोटी स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञाने मांडलेल्या आहाराच्या प्रश्नावर झाली. त्यात ७७ खाद्यपदार्थ होते व ९ पोषक घटकांच्या अटी होत्या. हातयंत्रांवर आकडेमोड करणाऱ्या नऊ कारकुनांना मिळून तो सोडविण्यास सुमारे १२० मनुष्य-दिवस लागले. आज ज्यास क्षुल्लक म्हणावे असे ते उदाहरण आहे. परंतु गणनरीतीची किंमत म्हणजे काय, हे त्यावरून चांगले कळते.

सिंप्लेक्स रीतीचा विचार भौमितिक आहे. सर्व अटी पाळणाऱ्या बिंदूंचा संच म्हणजे अनेक मितींच्या अवकाशातील एक बहुतलक असतो, पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखा. एकघाती राशीचे न्यूनतम मूल्य, ते अस्तित्वात असल्यास, त्या हिऱ्याच्या एखाद्या कोपऱ्यावर मिळतेच. म्हणून एका कोपऱ्यापासून निघावे, कडेकडेने शेजारच्या अधिक चांगल्या कोपऱ्यावर जावे, आणि पुढे सुधारणा होणे थांबले की तेथेच थांबावे. वर दिलेल्या उदाहरणात बहुतलक म्हणजे केवळ एक रेषाखंड असल्याने क्ष = ० पासून क्ष = ६ पर्यंत एकाच पावलात काम होते. मोठ्या प्रश्नांत मात्र कोपऱ्यांची संख्या भयंकर वाढते. वीस समीकरणे आणि चाळीस चल असले, तर समीकरणे सोडविण्यासाठी वीस चलांची निवड १३,७८४ कोटींहून अधिक प्रकारांनी करता येते. प्रत्यक्ष अनुभव असा की, सिंप्लेक्स त्यांतील अगदी थोड्याच कोपऱ्यांना भेट देऊन मुक्कामास पोचते. परंतु अनुभव म्हणजे सिद्धता नव्हे. क्ली व मिंटी या गणित्यांनी १९७२ मध्ये अशी उदाहरणे रचून दाखविली की, न मितींच्या प्रश्नात डँट्झिग यांच्या मूळ नियमाने जाणारी सिंप्लेक्स रीत सर्वच्या सर्व २ चा न-वा घात इतके कोपरे हिंडते. न = ५० घेतला व सेकंदास दहा लक्ष कोपरे पालथे घातले, तरी हा प्रवास पस्तीस वर्षांवर जातो.

व्यवहारात उत्तम, सिद्धांतात सदोष, अशी ही अवस्था सात वर्षे टिकली. १९७९ मध्ये मॉस्कोचे खाचियन यांनी सिद्ध केले की, एलिप्सॉइड रीतीने, म्हणजे उत्तरास कवेत घेणारे अंडाकृती घन क्रमाक्रमाने आकसवीत नेऊन, रेषीय नियोजनाचा कोणताही प्रश्न बहुपदी काळात सुटतो. अमेरिकन वृत्तपत्रांनी या वार्तेचे जे रूप दिले त्यावरून फिरत्या विक्रेत्याचा जुनाट प्रश्नही सुटल्याचा समज झाला. तो अर्थातच चुकीचा होता. अधिक महत्त्वाची निराशा वेगळीच होती. न मितींत या घनाचे आकारमान प्रत्येक पावलास ज्या प्रमाणात घटण्याची हमी मिळते, ते प्रमाण १०० मितींच्या प्रश्नात जेमतेम अर्धा टक्का आहे. सिद्धांत निर्दोष, परंतु वेग असा की सिंप्लेक्सशी स्पर्धा अशक्य. एक रीत चालते पण तिची हमी देता येत नाही. दुसरीची हमी आहे पण ती चालत नाही. संख्यात्मक विश्लेषणात इतका उघड पेच क्वचितच पडला असेल.

ग्वाल्हेर येथे मराठी कुटुंबात जन्मलेले नरेंद्र कृष्ण करमरकर याच सुमारास विद्यार्थिदशेत होते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून विद्युत् अभियांत्रिकीची पदवी त्यांनी १९७८ मध्ये मिळविली, पुढच्याच वर्षी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची एम. एस. पदवी घेतली, आणि बर्कले येथे रिचर्ड कार्प यांच्या मार्गदर्शनाखाली संगणकशास्त्रातील संशोधन करून १९८३ मध्ये पीएच. डी. संपादन केली. कार्प हे अवघड संयोजी प्रश्नांच्या वर्गीकरणातील अग्रणी. त्यांच्या सहवासात करमरकरांनी केलेली दोन कामे पुढील शोधाच्या दृष्टीने सूचक आहेत.

पहिले लहानसे आहे. काही संख्या दोन गटांत अशा वाटावयाच्या की दोन्ही बेरजांतील अंतर कमीत कमी राहावे. सरळ रीत अशी की मोठ्यापासून सुरुवात करून प्रत्येक संख्या हलक्या गटात टाकीत जावे. ८, ७, ६, ५, ४ या संख्यांवर तिने ४ चे अंतर राहते. करमरकर आणि कार्प यांची रीत निराळी. सर्वांत मोठ्या दोन संख्या विरुद्ध गटांत जाणार एवढेच तूर्त ठरवावयाचे आणि त्यांच्या जागी त्यांची वजाबाकी ठेवावयाची. ८ व ७ गेले, १ आला. ६ व ५ गेले, १ आला. ४ व १ गेले, ३ आला. ३ व १ यांतून २ उरला. अंतर २. अर्थात हेही सर्वोत्तम नव्हे, कारण ८ + ७ आणि ६ + ५ + ४ यांची बेरीज समानच आहे. परंतु निर्णय लांबणीवर टाकण्याची ती युक्ती, संख्या पुष्कळ असल्या म्हणजे, चकित करण्याइतकी प्रभावी ठरते.

दुसरे काम अधिक भारदस्त. निरनिराळ्या मापांच्या वस्तू एकाच मापाच्या पेट्यांत भरावयाच्या आणि पेट्यांची संख्या कमीत कमी ठेवावयाची, या प्रश्नावर १९८२ मध्ये दोघांनी दाखविले की, बहुपदी काळात असे उत्तर काढता येते, ज्यात सर्वोत्तम उत्तरापेक्षा जादा लागणाऱ्या पेट्या त्या उत्तराच्या लॉगॅरिथमच्या वर्गाच्या प्रमाणातच असतात. तीस वर्षांहून अधिक काळ या निकालात कोणास सुधारणा करता आली नाही. ती २०१३ मध्ये रोथवोस यांनी केली. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, त्या सिद्धतेच्या पोटात एक अवाढव्य रेषीय नियोजनाचा प्रश्न दडलेला होता व तो सोडविण्यास एलिप्सॉइड रीतीचाच आधार घ्यावा लागला होता. त्या रीतीचे सामर्थ्य आणि तिचे जडत्व ही दोन्ही करमरकरांना अशा रीतीने हाताळून माहीत झाली होती.

१९८३ मध्ये आय. बी. एम. च्या संशोधन विभागात अल्पकाळ राहून ते ए. टी. अँड टी. कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत दाखल झाले. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टन येथे भरलेल्या संगणन सिद्धांताच्या परिषदेत त्यांनी आपली नवी रीत मांडली आणि तोच लेख १९८४ अखेर ‘कॉम्बिनेटोरिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेव्हा त्यांनी वयाची तिशीही ओलांडली नव्हती.

या रीतीचे मर्म असे. सिंप्लेक्स हिऱ्याच्या पृष्ठावरून कडेकडेने चालते. करमरकरांची रीत हिऱ्याच्या पोटातून जाते. आत उभे राहून उताराच्या दिशेने सरळ चालावे, ही कल्पना कोणासही सुचेल. अडचण अशी की, उभे राहण्याचा बिंदू एखाद्या भिंतीलगत असला, तर उताराची दिशा बहुधा त्याच भिंतीवर नेऊन आपटते आणि पाऊल इंचभरच पडते. बिंदू मधोमध असला तरच लांब पाऊल टाकता येते. मग बिंदूला मध्यावर नेण्याऐवजी अवकाशच असे ताणावे की बिंदू मध्यावर येईल, हा करमरकरांचा विचार. त्याकरिता त्यांनी प्रक्षेपीय भूमितीतील रूपांतर योजिले. प्रश्न आधी अशा रूपात आणावयाचा की सर्व चल धन आहेत, त्यांची बेरीज १ आहे, आणि न्यूनतम करावयाच्या राशीचे अंतिम मूल्य शून्य आहे. मग प्रत्येक पावलास रूपांतराने चालू बिंदू त्या आकृतीच्या केंद्रस्थानी आणावयाचा. आकृतीच्या आत बसणाऱ्या सर्वांत मोठ्या गोलाची त्रिज्या आणि तिला बाहेरून वेढणाऱ्या गोलाची त्रिज्या यांचे गुणोत्तर, चल न असताना, केवळ न − १ असते. आतल्या गोलावर न्यूनतम बिंदू शोधणे अतिशय सोपे, कारण उताराच्या दिशेने त्रिज्येएवढे गेले की झाले. आणि बाहेरचा गोल फार मोठा नसल्यामुळे एवढ्या पावलानेही खऱ्या उत्तराकडे निश्चित प्रमाणात प्रगती होते.

येथे एक सूक्ष्म अडथळा येतो आणि त्याचे निवारण हाच या लेखाचा कळस मानावा लागेल. प्रक्षेपीय रूपांतराने सरळ रेषा सरळ राहतात, परंतु एकघाती राशी एकघाती राहत नाही. ती दोन एकघाती राशींचे गुणोत्तर होऊन बसते. म्हणून एका पावलात साधलेली प्रगती पुढच्या पावलाच्या मापाने मोजता येत नाही. करमरकरांनी खर्चाऐवजी एक निराळीच राशी मोजावयास घेतली : खर्चास प्रत्येक चलाने भागून येणाऱ्या गुणोत्तरांच्या लॉगॅरिथमांची बेरीज. खर्च शून्याकडे जात असता ही राशी घसरत जाते. पण एखादा चल अकाली शून्याजवळ गेला तर ती वर उसळते, म्हणजे भिंतीपासून दूर राहण्याचा दंडक तिच्यातच गोवलेला आहे. शिवाय रूपांतराने तिचे स्वरूप बदलत नाही, केवळ एक स्थिरांक मिळतो. प्रत्येक पावलास ती एका ठराविक स्थिरांकाने तरी घटतेच, एवढे सिद्ध केले की पावलांच्या संख्येवर मर्यादा येते. प्रश्नातील आकडे लिहिण्यास लागणाऱ्या अंकस्थानांची संख्या ल मानली, तर एकूण अंकगणिती क्रिया न च्या साडेतिसऱ्या घातास ल ने गुणून येणाऱ्या राशीच्या प्रमाणात राहतात. एलिप्सॉइड रीतीस तेथे न चा सहावा घात लागत होता. दोहोंतील तफावत न च्या अडीचाव्या घाताची, म्हणजे शंभर चल असता एक लक्ष पटीची.

वारजे-पर्वतीच्या उदाहरणाकडे पुन्हा वळल्यास आतून जाणाऱ्या रीतीचा संख्यात्मक स्वभाव स्पष्ट दिसतो. रेषाखंडाच्या मध्यापासून, क्ष = ३ पासून, आरंभ करावा आणि प्रत्येक पावलास समोरच्या भिंतीपर्यंतच्या अंतराचा नऊ-दशांश भाग चालून जावा. पहिल्या पावलानंतर क्ष = ५.७, दुसऱ्यानंतर ५.९७, तिसऱ्यानंतर ५.९९७. उत्तरास कधीच स्पर्श होत नाही, परंतु दर पावलास एक अचूक दशांशस्थान पदरात पडते. सिंप्लेक्स येथे एका उडीत पोचली होती. लहान प्रश्नात नव्या रीतीचा लाभ नाही, हे यावरून कळून येते. तिचा लाभ असा की, चल लाखांनी वाढले तरी पावलांची संख्या फारशी वाढत नाही. व्यवहारात ती बहुधा वीस ते ऐंशीच्या दरम्यान राहते, आणि सिद्धांताने दिलेल्या मर्यादेपेक्षा ती कितीतरी कमी असते.

पावले थोडी, पण प्रत्येक पाऊल महाग. अटींच्या गुणकांचा आव्यूह अ, चालू बिंदूचे सहनिर्देशक कर्णावर मांडून होणारा आव्यूह ड, असे मानले तर प्रत्येक पावलास अ, ड चा वर्ग, आणि अ च्या ओळींचे स्तंभ करून मिळणारा आव्यूह या तिहींच्या गुणाकाराने बनलेली एकघाती समीकरणपद्धती सोडवावी लागते. म्हणजे रेषीय नियोजनाचा प्रश्न अखेर संख्यात्मक रेषीय बीजगणिताच्या दारात येऊन उभा राहतो. हा गुणाकार सममित आणि धन-निश्चित असल्याने चोलेस्कीच्या रीतीने त्याचे त्रिकोणी अवयव पाडता येतात. मोठ्या प्रश्नांत अ मधील बहुतेक पदे शून्य असतात, कारण वारज्याच्या एका नळाचा संबंध दोनच ठिकाणांशी येतो. अवयव पाडताना ही शून्ये शक्य तितकी टिकावीत म्हणून समीकरणांचा क्रम काळजीपूर्वक लावावा लागतो. सुदैव असे की, ड बदलला तरी शून्यांची जागा बदलत नाही, म्हणून क्रम लावण्याचे काम एकदाच करावे लागते. उलट अ मध्ये एक जरी भरगच्च स्तंभ असला, तर सारा गुणाकार शून्यरहित होऊन जातो व तो स्तंभ वेगळा काढून हाताळावा लागतो. १९८४ च्या लेखात या गोष्टींना फारसे स्थान नाही. परंतु रीत चालेल की पडेल, हे त्यांवरच ठरणार होते.

याहून गंभीर शंका गोलचुकांची होती. वरील उदाहरणात वारज्याहून पेठांकडे जाणारी राशी क्रमाने ०.३, ०.०३, ०.००३ अशी आकसते, तर पर्वतीहून पेठांकडे जाणारी राशी ८ च्या जवळ जाते. ड मध्ये यांचे वर्ग येतात. पहिल्या पावलानंतर दोन वर्गांचे गुणोत्तर सुमारे ६५९, दुसऱ्यानंतर सुमारे ७० हजार, तिसऱ्यानंतर ७१ लाखांवर. उत्तर जितके जवळ, तितका आव्यूह अधिक विकृत. आणि विकृत आव्यूहाची समीकरणे सोडविताना अंक गळतात, हा तर संख्यात्मक विश्लेषणाचा पहिला पाठ. या न्यायाने करमरकरांची रीत शेवटच्या पावलांवर कोसळावयास हवी होती. प्रत्यक्षात ती कोसळली नाही. याचे एक कारण स्ट्युअर्ट यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केले : ड मधील धन पदे कितीही लहानमोठी असोत, अशा भारित प्रक्षेपाचे माप एका मर्यादेपलीकडे जात नाही, व ती मर्यादा केवळ अ वर अवलंबून असते. विकृती आहे, परंतु ती चलांच्या मापांतील तफावतीची आहे, आणि हव्या असलेल्या दिशेवर तिचा घातक परिणाम होत नाही. पाठ्यपुस्तकातील सावधगिरीचा नियम खरा असूनही विशिष्ट रचनेत तो अतिरेकी ठरतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळा.

१९ नोव्हेंबर १९८४ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या शोधाची वार्ता पहिल्या पृष्ठावर छापली. गणिताच्या वाट्यास असे भाग्य क्वचितच येते, आणि आले म्हणजे त्यापाठोपाठ वादही येतो. नवी रीत सिंप्लेक्सपेक्षा पन्नास पट वेगवान असल्याचे सांगण्यात आले. परंतु कोणत्या प्रश्नांवर, कोणत्या संगणकावर व कोणत्या आज्ञावलीने, याचा तपशील कंपनीने बराच काळ उघड केला नाही. इतरांनी लेखावरून आपापल्या आज्ञावल्या लिहिल्या, तेव्हा त्यांतील काहींना असा वेग मुळीच आढळला नाही. जो निकाल दुसऱ्यास पडताळून पाहता येत नाही तो निकाल म्हणावा काय, असा प्रश्न या क्षेत्रातील अनेकांनी उपस्थित केला आणि तो रास्तच होता. करमरकरांनी अॅडलर, रेसेंडे व वेगा यांच्यासह १९८९ मध्ये अंमलबजावणीचा सविस्तर लेख प्रसिद्ध केला, तेव्हा या तक्रारीचे बऱ्याच अंशी निरसन झाले.

तक्रारीचे दुसरे कारण मालकीचे होते. मे १९८८ मध्ये अमेरिकेच्या एकस्व कार्यालयाने या रीतीवर कंपनीस पेटंट दिले. त्याच रीतीकरिता खास जुळणी केलेला संगणक व आज्ञावली मिळून ‘कॉर्बेक्स’ या नावाने ८९ लक्ष डॉलर किमतीस विक्रीस काढण्यात आली. पहिले गिऱ्हाईक अमेरिकेचे संरक्षण खाते. गणिती रीत ही यंत्रासारखी कोणाच्या मालकीची होऊ शकते काय? पायथागोरसच्या सिद्धांतावर जकात बसत नाही, मग समीकरणे सोडविण्याच्या एका क्रमावर का बसावी? उलट बाजूने असे म्हणता येते की, सिद्धांतावर नव्हे तर उद्योगातील त्याच्या वापरावर हक्क सांगितला जात होता. पेटंटची मुदत २००६ मध्ये संपली; पण तोवर पुढील संशोधनाने ते जवळजवळ निरुपयोगी करून टाकले होते, आणि ती कथा अधिक उद्बोधक आहे.

१९८६ मध्ये गिल, मरे, साँडर्स, टॉमलिन व राइट या पाच जणांनी दाखवून दिले की, करमरकरांची प्रक्षेपीय रीत ही लॉगॅरिथमिक अडसराच्या एका जुन्या रीतीशी विशिष्ट परिस्थितीत तुल्य आहे. भिंतीजवळ जाताच अनंत होणारा लॉगॅरिथमचा अडसर खर्चात मिळवावयाचा, ही कल्पना फ्रिश यांनी १९५५ मध्ये मांडली होती आणि फियाको व मॅकॉर्मिक यांच्या १९६८ च्या ग्रंथात तिचा विस्तार आहे. तसेच प्रक्षेपीय रूपांतर गाळून केवळ ताणण्याचे साधे रूपांतर वापरणारी जी सुटसुटीत रीत अनेकांनी १९८६ च्या सुमारास काढली, ती कांतोरोविच यांचे शिष्य दिकिन यांनी १९६७ मध्येच रशियन भाषेत प्रसिद्ध केल्याचे मागाहून उघडकीस आले. वर क्षला नऊ-दशांश अंतर चालविले ती रीत मूलतः दिकिन यांचीच होय.

मग करमरकरांचे श्रेय कोणते? अडसराची रीत ज्यांच्या हाती होती त्यांनी ती रेषीय प्रश्नास योग्य मानली नाही, आणि तिच्या पावलांची संख्या बहुपदी मर्यादेत राहते असे तर कोणी म्हटलेच नव्हते. दिकिन यांच्या रीतीस बहुपदी हमी कोणास आजवर देता आलेली नाही. आतून जाणारी वाट चांगली आहे याची सिद्धता आणि ती प्रत्यक्ष चालून पाहण्याची प्रेरणा, या दोन्ही गोष्टी १९८४ च्या लेखाने एकाच वेळी दिल्या. त्यातील प्रक्षेपीय भूमिती आज आज्ञावल्यांत क्वचितच आढळते. परंतु रेनेगर यांनी १९८८ मध्ये पावलांची संख्या न च्या वर्गमुळाच्या प्रमाणात आणली ती याच प्रवाहात, मेहरोत्रा यांची १९९२ ची व्यवहारोपयोगी रीत याच प्रवाहातील, आणि नेस्तेरोव्ह व नेमिरोव्स्की यांनी १९९४ च्या ग्रंथात बहिर्वक्र प्रश्नांच्या विस्तीर्ण वर्गास हा विचार लागू केला तोही येथूनच. सिंप्लेक्स मात्र हद्दपार झाली नाही. स्पर्धेमुळे तिच्या आज्ञावल्याही कमालीच्या सुधारल्या, आणि थोडा बदललेला प्रश्न पुन्हा सोडवावयाचा असल्यास जुन्या कोपऱ्यापासून पुढे जाण्याची तिची सोय आजही मोलाची आहे.

करमरकरांना १९८४ चे लँचेस्टर पारितोषिक, १९८८ चे फुलकर्सन पारितोषिक आणि पुढे २००० चे कॅनेलाकिस पारितोषिक मिळाले. त्यांचे स्वतःचे लक्ष तोवर दुसरीकडे वळले होते. प्रत्येक पावलातील आव्यूहाचे काम हाच खर्चाचा मोठा भाग असेल, तर त्या कामाकरिता संगणकाची रचनाच का बदलू नये? १९९१ मध्ये त्यांनी सांत प्रक्षेपीय भूमितीवर आधारलेली समांतर संगणकाची मांडणी प्रसिद्ध केली. तिचे सर्वांत लहान उदाहरण फानोच्या प्रतलाचे : त्यात ७ बिंदू, ७ रेषा, प्रत्येक रेषेवर ३ बिंदू, आणि कोणत्याही दोन बिंदूंतून जाणारी एकच रेषा. बिंदू म्हणजे स्मृतिकोश व रेषा म्हणजे प्रक्रियक असे मानावे. ज्या दोन संख्यांचा गुणाकार करावयाचा त्या कोणत्याही दोन कोशांत असल्या, तरी त्या दोहोंशी जोडलेला प्रक्रियक नेमका एकच सापडतो. काम कोणी करावयाचे याबद्दल संदिग्धता नाही, आणि प्रत्येक प्रक्रियकास सातांऐवजी तीनच कोशांशी तारा जोडाव्या लागतात. भूमितीतील सममितीचा उपयोग करून सर्व प्रक्रियक एकाच वेळी असे कामास लावता येतात की एका कोशावर दोघांची गर्दी होऊ नये. १९८४ मध्ये अवकाश ताणण्यास वापरलेली प्रक्षेपीय भूमिती येथे तारांच्या जाळ्यात उतरलेली दिसते.

१९९८ मध्ये बेल प्रयोगशाळा सोडून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभा अध्यासनाचे प्राध्यापक म्हणून आले आणि २००५ पर्यंत तेथे होते. २००६-०७ मध्ये ते टाटा समूहाच्या अध्यक्षांचे वैज्ञानिक सल्लागार होते. पुण्यात कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज ही संस्था उभी राहिली ती याच काळात, आणि तिच्या स्थापनेत त्यांचा प्रमुख वाटा होता. त्या संस्थेतील ‘एका’ नावाच्या महासंगणकाने नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत चौथे स्थान पटकाविले. त्याचा मोजलेला वेग सेकंदास सुमारे ११८ लाख कोटी क्रियांचा होता. त्या वेगाचे मोजमाप ज्या कसोटीने होते ती म्हणजे एकघाती समीकरणांची एक प्रचंड पद्धती सोडविणे. त्या पद्धतीचा आव्यूह भरगच्च असतो; करमरकरांची समीकरणे विरळ. भरगच्च आव्यूहावर धावणारा संगणक विरळ आव्यूहावर आपल्या वेगाचा लहानसा अंशच दाखवितो, कारण तेथे वेळ गुणाकारात जात नसून संख्या स्मृतिकोशातून आणण्यात जातो. १९९१ च्या मांडणीने ज्या अडचणीवर बोट ठेवले होते ती हीच.

रेषीय नियोजनाच्या सिद्धांतात एक प्रश्न अद्याप उघडा आहे. करमरकरांच्या मर्यादेत ल हा घटक आहे, म्हणजे आकडे जितके लांबलचक तितके काम अधिक. वारज्याचे पाणी ६ माप नसून ६.००००१ माप असले, तर केवळ तेवढ्याने पावले वाढावीत काय? केवळ चल व अटी यांच्या संख्येवर अवलंबून राहणारी, आकड्यांच्या लांबीशी संबंध नसलेली बहुपदी रीत अस्तित्वात आहे किंवा नाही, हे स्टीफन स्मेल यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या अठरा प्रश्नांत नवव्या क्रमांकावर आहे. आतून जाणाऱ्या रीतींनी तो सुटलेला नाही, आणि कडेने जाणाऱ्या सिंप्लेक्सनेही नाही.